कळफलक शॉर्टकटमधील बिघाड

कळफलक शॉर्टकटमधील बिघाड म्हणजे संगणकाच्या, विशेषतः लॅपटॉपच्या कळफलकावर ठरावीक कळा एकत्र दाबूनही अपेक्षित आज्ञा पार न पडणे. कंट्रोल + सी दाबूनही मजकुराची नक्कल न होणे, एफ ५ दाबल्यावर पान ताजे होण्याऐवजी पडद्याचा उजेड कमी होणे, विंडोज कळेला कोणताही प्रतिसाद न मिळणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अशा वेळी अक्षरे मात्र अनेकदा व्यवस्थित उमटत असतात. त्यामुळे दोष कळफलकात आहे, संचालन प्रणालीत आहे की वापरातील प्रोग्राममध्ये आहे, हे चटकन कळत नाही.

कळ दाबल्यापासून आज्ञा पार पडेपर्यंत संकेताला अनेक टप्प्यांतून जावे लागते. बिघाड यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकतो. म्हणून निवारणाचा पहिला भाग दुरुस्ती हा नसून टप्पा निश्चित करणे हा असतो. बऱ्याच लॅपटॉपांत कळफलक वरच्या आवरणाला कायमचा जोडलेला असल्यामुळे तो बदलणे खर्चाचे ठरते. साध्या सेटिंगच्या दोषापायी सुस्थितीतील कळफलक बदलला जाऊ नये, यासाठीही हे निदान महत्त्वाचे आहे.

## पार्श्वभूमी

कट, कॉपी व पेस्ट या क्रियांना आजचे रूप १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांच्या कामातून मिळाले. ॲपलने लिसा (१९८३) व मॅकिन्टॉश (१९८४) या संगणकांत झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतील शेजारी शेजारी असलेल्या कळांना अनुक्रमे पूर्ववत करणे, कापणे, नक्कल करणे व चिकटवणे ही कामे नेमून दिली. आयबीएमने १९८७ मध्ये मांडलेल्या संकेतांत याच क्रियांसाठी शिफ्ट + डिलीट, कंट्रोल + इन्सर्ट व शिफ्ट + इन्सर्ट अशा जोड्या होत्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज ३.१ (१९९२) मध्ये कंट्रोल कळेसह एक्स, सी, व्ही यांचा स्वीकार केला, परंतु जुन्या जोड्याही कायम ठेवल्या. त्या आजही विंडोजवरील बहुतांश प्रोग्रामांत चालतात आणि बिघाडाच्या तपासणीत उपयोगी पडतात.

कंट्रोल + ऑल्ट + डिलीट ही जोडी आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी (१९८१) डेव्हिड ब्रॅडली यांनी योजली. विंडोज एनटीपासून ती सुरक्षेसाठी राखून ठेवण्यात आली असून सामान्य प्रोग्राम ती मध्येच अडवू शकत नाहीत. विंडोज कळ १९९४ पासून कळफलकांवर दिसू लागली.

## संकेताचा प्रवास

कळफलकाखाली तारांची आडवी-उभी जाळी असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी तार जोडली जाते. कळफलकाचा नियंत्रक ही जाळी सतत तपासत असतो आणि प्रत्येक कळेसाठी एक क्रमांक पुढे पाठवतो. या क्रमांकाला स्कॅन कोड म्हणतात. कळ दाबताना एक आणि सोडताना दुसरा असे दोन संकेत जातात. उदाहरणार्थ, वैयक्तिक संगणकांच्या मूळ संकेतसंचात डाव्या कंट्रोलचा क्रमांक षोडशमान पद्धतीत १डी आणि सी या कळेचा २ई आहे; कळ सोडताना तेच अनुक्रमे ९डी व एई होतात. सोडल्याचा संकेत हरवला, तर बोट उचलले असूनही कळ दाबलेलीच आहे, असे संगणक मानतो.

त्यानंतर संचालन प्रणालीचा ड्रायव्हर हा क्रमांक स्वीकारतो. निवडलेल्या भाषेच्या कळमांडणीनुसार त्याचा अर्थ लावला जातो. मग प्रणाली पाहते, की ही जोडी कोणी संपूर्ण संगणकासाठी राखून ठेवली आहे काय. तशी ती राखून ठेवली नसेल, तर संकेत पडद्यावर त्या क्षणी सक्रिय असलेल्या खिडकीकडे जातो आणि तो प्रोग्राम त्याचा अर्थ लावतो.

एफएन कळ या प्रवासात वेगळी आहे. बहुतेक लॅपटॉपांत तिचा निकाल नियंत्रकातच लागतो. ती दाबली गेल्याचे संचालन प्रणालीला कळतही नाही. त्यामुळे एफएन कळेशी निगडित दोष विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये शोधून सहसा सापडत नाही.

## निदान

प्रथम शॉर्टकट बिघडला आहे की मूळ आज्ञाच चालत नाही, हे पाहावे लागते. तीच आज्ञा मेनूमधून किंवा माउसच्या उजव्या कळेने देऊन पाहिल्यास हा उलगडा होतो. नक्कल करण्यास मनाई असलेल्या पीडीएफमध्ये कंट्रोल + सी चालत नाही आणि मेनूतील आज्ञाही चालत नाही. तेथे कळफलकाचा काहीच दोष नसतो. दूरस्थ संगणकाशी जोडलेले असताना क्लिपबोर्डची देवाणघेवाण थांबली, तरीही असेच लक्षण दिसते.

पुढील निरीक्षणे विंडोजवर दोषाचा टप्पा ठरवण्यास साहाय्य करतात.

| निरीक्षण | संभाव्य टप्पा |
|---|---|
| कंट्रोल + सी चालत नाही, पण कंट्रोल + इन्सर्ट चालते | सी ही कळ, अथवा त्या जोडीवर दुसऱ्या प्रोग्रामचा ताबा |
| डाव्या कंट्रोलने चालत नाही, उजव्या कंट्रोलने चालते | डावी कळ किंवा तिचे बदललेले काम |
| कंट्रोल + ऑल्ट + डिलीट चालते, इतर जोड्या चालत नाहीत | कंट्रोल व ऑल्ट कळा ठीक. दोष सॉफ्टवेअरमध्ये |
| एकाच प्रोग्राममध्ये चालत नाही | त्या प्रोग्रामचे सेटिंग किंवा पूरक जोडणी |
| बाहेरून जोडलेल्या कळफलकावर चालते | लॅपटॉपचा कळफलक, नियंत्रक किंवा एफएन सेटिंग |
| नव्या वापरकर्ता खात्यात चालते | जुन्या खात्याची वैयक्तिक सेटिंगे |

विंडोजमधील पडद्यावरचा कळफलकही (विंडोज + कंट्रोल + ओ) उपयुक्त ठरतो. प्रत्यक्ष कळ दाबली की पडद्यावरील तीच कळ उजळते. ती उजळली, तर संकेत संचालन प्रणालीपर्यंत पोहोचला आहे असे समजावे. काहीही न दाबता एखादी कळ उजळलेली दिसली, तर ती अडकली आहे. मॅकवर कीबोर्ड व्ह्यूअर आणि लिनक्सवर एक्सईव्ही किंवा ईव्हीटेस्ट ही साधने हेच काम करतात.

## कारणे

### यांत्रिक कारणे

धूळ, अन्नाचे कण, सांडलेला चहा किंवा दमट हवेने संपर्कबिंदूंवर चढलेला गंज यांमुळे कळ दाबली जात नाही किंवा दाबलेली राहते. कंट्रोल कळ अडकली असता अक्षरे उमटण्याऐवजी आज्ञा सुटू लागतात आणि माउसचे चाक फिरवताच मजकूर लहान-मोठा होतो. कळ प्रत्यक्षात मोकळी असून केवळ सोडल्याचा संकेत हरवला असेल, तर दोन्ही बाजूंच्या कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व विंडोज कळा एकेकदा दाबून सोडल्याने दोष दूर होतो.

कळांची रचनाही कधी कधी कारणीभूत ठरते. ॲपलने २०१५ पासून वापरलेल्या ‘बटरफ्लाय’ रचनेच्या कळा बारीक कणांनी अडकण्याच्या तक्रारी आल्या. २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि २०१९ च्या अखेरीपासून जुन्या धाटणीच्या कात्रीसारख्या रचनेकडे ती परतली.

तारांच्या जाळीमुळेही मर्यादा येते. काही कळफलकांवर तीन कळांची एखादी जोडी एकाच वेळी ओळखली जात नाही. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट यांच्या तारा सहसा अशा बेताने टाकलेल्या असतात, की ही अडचण टळावी. तरीही ती पूर्णतः नाहीशी होत नाही.

### एफएन कळ व वरची ओळ

एफ १ ते एफ १२ या कळांना लॅपटॉपवर आवाज, उजेड, वाय-फाय अशी दुय्यम कामे दिलेली असतात. अनेक नव्या लॅपटॉपांत हीच कामे मूळ धरलेली असल्यामुळे नाव बदलण्याची एफ २, पान ताजे करण्याची एफ ५ किंवा खिडकी बंद करण्याची ऑल्ट + एफ ४ जोडी निकामी झाल्यासारखी वाटते. एफएन कळ सोबत दाबताच ती चालू लागते, हीच या कारणाची खूण होय.

अनेक लॅपटॉपांत एफएन + एस्केप दाबल्याने हा क्रम उलटतो. इतरत्र तो संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये बदलावा लागतो. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत तेथे ‘ॲक्शन कीज मोड’, तर लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत ‘हॉटकी मोड’ असा पर्याय असतो.

काही जुन्या छोट्या लॅपटॉपांत नम लॉक सुरू झाल्यास अक्षरांच्या कळा अंकांच्या होतात: जे, के, एल यांतून १, २, ३ आणि यू, आय, ओ यांतून ४, ५, ६ उमटतात. साहजिकच त्या अक्षरांवर आधारलेले शॉर्टकटही थांबतात.

२०२४ पासून विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपांवर कोपायलट कळ आली. काही लॅपटॉपांत ती उजव्या कंट्रोलच्या जागी बसवलेली असल्यामुळे उजव्या कंट्रोलवर अवलंबून असलेले शॉर्टकट तेथे जुन्या सवयीने चालत नाहीत.

### सुलभता सेटिंगे

अपंग व्यक्तींसाठी असलेल्या काही सोयी नकळत सुरू होतात. शिफ्ट पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवल्यास ‘फिल्टर कीज’ सुरू करण्याविषयी विंडोज विचारणा करते. त्या खिडकीत न वाचता एंटर दाबले जाते आणि सोय सुरू होते. स्टिकी कीजमुळे कंट्रोलसारखी कळ सोडल्यावरही पुढील कळेपर्यंत दाबलेली मानली जाते. फिल्टर कीजमुळे थोडा वेळ दाबलेली किंवा लागोपाठ दाबलेली कळ दुर्लक्षिली जाऊ शकते. या दोन्हींचे नियंत्रण विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात, कीबोर्ड या शीर्षकाखाली असते. विचारणेची खिडकी पुन्हा येऊ नये, असा पर्यायही तेथेच आहे.

### भाषा व कळमांडणी

मराठी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हे कारण विशेष महत्त्वाचे आहे. विंडोजमध्ये मराठी ही दुसरी भाषा जोडली, की डावी ऑल्ट + शिफ्ट ही जोडी भाषा बदलण्याचे काम करू शकते आणि एकाच भाषेच्या दोन मांडण्या असल्यास कंट्रोल + शिफ्ट ही जोडी मांडणी बदलते. याच जोड्यांनी सुरू होणारे इतर शॉर्टकट वापरताना भाषा अवचित पालटते. विंडोज + स्पेस ही जोडी भाषा बदलण्यासाठी स्वतंत्रपणे उपलब्ध असल्याने, आधीच्या दोन जोड्या प्रगत कळफलक सेटिंगमधून रद्द करता येतात.

भारतीय मानक १३१९४ : १९९१ मध्ये समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत रोमन के या कळेवर ‘क’, तर जे या कळेवर ‘र’ आहे. विंडोजमध्ये प्रत्येक कळेला अक्षराव्यतिरिक्त एक अंतर्गत ओळख असल्याने इन्स्क्रिप्ट सुरू असतानाही कंट्रोल + सी सामान्यतः चालते. परंतु काही संकेतस्थळे पुढे-मागे जाण्यासाठी जे व के अशी एकेरी अक्षरे वापरतात. संकेतस्थळाने कळेचे स्थान न पाहता उमटणारे अक्षर पाहिले, तर त्याला ‘र’ व ‘क’ मिळतात आणि शॉर्टकट निष्फळ ठरतो. अशा वेळी इंग्रजी मांडणीवर जाणे हा तात्पुरता उपाय होय. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत मात्र ही अडचण येत नसे, कारण तेथे संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच टंकली जात आणि केवळ त्यांचे चित्र देवनागरी असे.

विंडोजमधील ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणीत उजवी ऑल्ट कळ वेगळे काम करते. ती ४ या कळेसह दाबली, की २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह उमटते. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल + ऑल्ट यांच्या बरोबरीचे मानते. त्यामुळे कंट्रोल + ऑल्टने सुरू होणारा एखादा शॉर्टकट आज्ञा देण्याऐवजी चिन्ह उमटवून जातो.

### शॉर्टकटांचा संघर्ष

विंडोजमध्ये एखादी जोडी संपूर्ण संगणकासाठी नोंदवता येते. एका प्रोग्रामने ती नोंदवल्यावर दुसऱ्याची नोंद नाकारली जाते. त्यामुळे पडदाचित्रण, ध्वनिमुद्रण, चित्रफलक नियंत्रण किंवा भाषांतराचा एखादा नवा प्रोग्राम बसवल्यानंतर जुना शॉर्टकट बंद पडतो. कोणता प्रोग्राम आधी सुरू होतो यावर ताबा ठरत असल्याने असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. पार्श्वभूमीतील प्रोग्राम एकेक बंद करून पाहणे हा याच्या शोधाचा साधा मार्ग आहे.

कळांची कामे बदलणारी साधनेही तपासावी लागतात. पॉवरटॉइजमधील बदल ते साधन चालू असेपर्यंतच टिकतात, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवलेला बदल ते साधन काढून टाकल्यावरही राहतो. कार्यालयीन लॅपटॉपांवर विंडोज कळेचे शॉर्टकट प्रशासकाने धोरण म्हणून बंद केलेले असू शकतात. खेळांसाठीच्या लॅपटॉपांत विंडोज कळ कुलूपबंद करण्याची वेगळी सोय असते.

### सक्रिय खिडकी व प्रोग्राम

शॉर्टकट सक्रिय खिडकीकडे जातो. डोळ्यांसमोर असलेली खिडकी सक्रिय असेलच असे नाही. संकेतस्थळात बसवलेल्या चलचित्रावर एकदा टिचकी मारली, की पुढील कळा त्या चलचित्राकडे जातात. कंट्रोल + टी, कंट्रोल + डब्ल्यू यांसारख्या काही जोड्या न्याहाळक स्वतःकडे राखून ठेवतो.

टर्मिनलमध्ये कंट्रोल + सी चा परंपरागत अर्थ चालू काम थांबवणे हा आहे. म्हणून लिनक्सच्या अनेक टर्मिनलांत नक्कल करण्यासाठी कंट्रोल + शिफ्ट + सी दाबावे लागते. तेथेच सवयीने कंट्रोल + एस दाबल्यास पडदा गोठल्यासारखा होतो. कंट्रोल + क्यू दाबल्यावर तो पुन्हा चालू होतो. एक्सेलमध्ये स्क्रोल लॉक सुरू असल्यास बाणांच्या कळांनी चौकट बदलत नाही, संपूर्ण पान सरकते. दूरस्थ संगणकावर काम करताना विंडोज कळेच्या जोड्या कोणत्या संगणकाने घ्यायच्या, याचे स्वतंत्र सेटिंग असते.

## इतर संचालन प्रणाली

मॅकवर बहुतेक शॉर्टकट कमांड कळेचे असतात. विंडोजसाठीचा कळफलक जोडल्यास विंडोज कळ कमांडचे काम करते. साहाय्यक कळांची अदलाबदल सेटिंगमधून प्रत्येक कळफलकासाठी वेगळी करता येते. मॅकओएस कॅटलिनापासून (२०१९) इतर प्रोग्रामांत टंकलेले संकेत वाचण्यासाठी प्रोग्रामला वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. ती नसल्यास अशा वाचनावर अवलंबून असलेले त्याचे सर्वव्यापी शॉर्टकट चालत नाहीत.

लिनक्सवर जुन्या एक्स ११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्राम सर्वव्यापी शॉर्टकट घेऊ शकत असे. वेलँडमध्ये सुरक्षेसाठी ही मोकळीक काढून घेण्यात आली आहे. त्यामुळे व्यवस्था बदलल्यानंतर पडदाचित्रणाच्या काही साधनांचे शॉर्टकट थांबतात. ते डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये नव्याने नोंदवावे लागतात.

## निवारणाचा क्रम

सोप्या व परत फिरवता येण्याजोग्या उपायांपासून आरंभ करणे इष्ट असते. विंडोजवर पुढील क्रम सोयीचा ठरतो.

1. तीच आज्ञा मेनूमधून देऊन पाहणे आणि शॉर्टकट दुसऱ्या प्रोग्राममध्ये तपासणे.
2. सर्व साहाय्यक कळा एकेकदा दाबून सोडणे. एफएनसह व एफएनशिवाय जोडी तपासणे.
3. भाषा व कळमांडणी पाहणे. स्टिकी कीज व फिल्टर कीज बंद करणे.
4. पडद्यावरील कळफलक आणि शक्य असल्यास बाहेरचा कळफलक वापरून दोषाचा टप्पा ठरवणे.
5. संगणक ‘रीस्टार्ट’ करणे. विंडोज ८ पासून असलेल्या जलद आरंभाच्या सोयीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा व ड्रायव्हर यांची स्थिती जतन होऊन पुन्हा तीच वापरली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर ते नव्याने सुरू होतात.
6. केवळ विंडोज कळेच्या जोड्या अडल्या असतील, तर टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर पुन्हा सुरू करणे.
7. नुकतेच बसवलेले प्रोग्राम बंद करून पाहणे. नव्या वापरकर्ता खात्यात तपासणे.
8. डिव्हाइस मॅनेजरमधून कळफलकाचा ड्रायव्हर काढून संगणक पुन्हा सुरू करणे. तोपर्यंत कळफलक चालत नसल्याने स्पर्शफलक किंवा माउस हाताशी असावा आणि पडद्यावरील कळफलकाने सांकेतिक शब्द देता येतो, याची खात्री आधीच करावी.
9. बायोसमध्येही कळ प्रतिसाद देत नसल्यास दोष यांत्रिक असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा दुरुस्ती केंद्राकडे जाणे.

कळफलकावर द्रव सांडल्यास हा क्रम लागू होत नाही. अशा वेळी संगणक लगेच बंद करून वीजपुरवठा तोडावा लागतो. कळा चालतात का हे पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा सुरू केल्यास आतील मंडलाची हानी वाढू शकते.

## सुलभतेच्या दृष्टीने महत्त्व

माउस वापरणाऱ्यासाठी शॉर्टकट ही वेळ वाचवण्याची सोय असते, तर दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी आणि हातांची हालचाल मर्यादित असलेल्या व्यक्तीसाठी कळफलक हा संगणकापर्यंत पोहोचण्याचा अनेकदा एकमेव मार्ग असतो. एनव्हीडीए व जॉज या पडदावाचकांच्या आज्ञा इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक कळेच्या जोडीने दिल्या जातात. अनेक लॅपटॉपांवर इन्सर्ट कळ नसते किंवा एफएनखाली दडलेली असते. म्हणून या दोन्ही पडदावाचकांत लॅपटॉपसाठी वेगळी मांडणी असून तिच्यासोबत कॅप्स लॉक कळ वापरता येते. पडदावाचक एखादी जोडी स्वतःकडे घेत असल्यास एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए कळ + एफ २ दाबल्यावर पुढील जोडी थेट सक्रिय प्रोग्रामकडे जाते.

येथे निवारणाच्या उपायांचीच अडचण होऊ शकते. ‘स्टिकी कीज बंद करा’ हा एकासाठी उपाय असला, तरी एका हाताने टंकणाऱ्याला ती सोय आवश्यक असते. त्यामुळे सामायिक संगणकावर ही सेटिंगे बदलण्यापूर्वी ती कोणी जाणीवपूर्वक सुरू केली आहेत का, हे विचारणे श्रेयस्कर ठरते. बायोसमध्ये पडदावाचक सहसा चालत नसल्यामुळे एफएनचा क्रम बदलण्यासारख्या साध्या कामासाठीही दृष्टिहीन वापरकर्त्याला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

संकेतस्थळांच्या सुलभतेविषयीच्या डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या मार्गदर्शक तत्त्वांत सर्व क्रिया कळफलकाने करता याव्यात, या आधीच्या अपेक्षेच्या जोडीला एकेरी अक्षरांच्या शॉर्टकटविषयी नवा निकष आला. असा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा किंवा संबंधित घटक सक्रिय असतानाच चालावा, असे तो सांगतो. आवाजाने मजकूर लिहिणाऱ्यांचे बोललेले शब्द एकेरी अक्षरांच्या आज्ञा म्हणून घेतले जाऊ नयेत, हा त्यामागील एक उद्देश आहे.

## हेही पाहा

- कळफलक
- इन्स्क्रिप्ट
- संचालन प्रणाली
- पडदावाचक